बाजेखालचा हात

आमच्या घरात कापसाची एक वेगळी खोली होती. वेचणी सुरू झाली की तिच्यात कापूस पडायला लागायचा आणि दिग्रसच्या बाजाराला गाड्या जाईपर्यंत तो पार आढ्याला टेकायचा. आम्ही पोरं वरून त्याच्यात उड्या मारायचो आणि मग रात्रभर अंग खाजवत बसायचो. एकदाचा कापूस निघाला की खोली मोकळी व्हायची. भिंतींच्या पोपड्यांना, वाशांना, दाराच्या कडीला पांढरे तंतू तेवढे लोंबत राहायचे, सरकीचा तेलकट वास राहायचा, आणि मग त्या खोलीत नंदाआत्या राहायला जायची. कापूस घरात असला की आत्याची वळकटी स्वयंपाकघरात चुलीमागे, कापूस गेला की परत खोलीत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. घरात दुसऱ्या जागा नव्हत्या असं नाही. समोर मोठी बैठक होती, बाबांच्या खताच्या पोत्यांनाही पक्की कोठडी होती. आत्याला मात्र कापसाची उरलेली जागा. लहानपणी मला यात काही वावगं दिसलं नाही, कारण आपलं घर जसं आहे तशीच सगळी घरं असतात असं त्या वयात वाटतं. आता पन्नाशी उलटल्यावर ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते. हे मी रागातच लिहिते आहे. माझी मुलगी म्हणाली, आई, थोडी थांब, राग शांत होऊ दे, मग लिही. मी तिला म्हटलं, इतकी वर्षं थांबलेच की.

नंदाआत्या ही बाबांची धाकटी बहीण. फुलसावंगीकडे दिलेली. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि हिला पत्र्याच्या पेटीसकट एसटीत बसवून दिलं. ती आली तेव्हा माझी मोठी बहीण वंदीताई अंगावर पिणारी होती आणि माय विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेली. आत्यानं पेटी खाली ठेवली आणि पोरगी उचलली. शेळीचं दूध पाजणारी ती, तेल लावून न्हाऊ घालणारी ती, शाळेत पोचवणारी ती, कावीळ झाली तेव्हा वैदूकडे घेऊन धावणारीही तीच. मायला बरं वाटल्यावरसुद्धा वंदीताई आत्याच्याच कुशीत झोपायची. हे मला ऐकून माहीत, कारण मी बरीच उशिरा झालेली. माझ्या वाट्याला आत्या आली ती कामं उरकून राहिलेल्या वेळातली. पण तिच्या हातची, ओल्या तुरीचे दाणे घातलेली सोले-वांग्याची भाजी, तव्यावर दाबून खरपूस केलेली भाकर आणि पाट्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, ही चव मला नंतर कुठे मिळाली नाही. तिच्या कपाळावर कुंकू असायचं, कारण नवरा तिकडे चांगला धडधाकट होता. म्हणून ती विधवा नव्हती. पण घरात हळदीकुंकू असलं की माय तिला हळूच म्हणायची, "नंदे, तू जराशी गोठ्याकडं जाऊन ये." म्हणून ती सवाष्णही नव्हती. मग ती कोण होती, हे विचारायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती. गाईला वैरण टाकून ती परत यायची तोवर बाया ओट्या घेऊन गेलेल्या असायच्या.

गोमलीयाडी आमच्या घरात शिरली ती चक्कीच्या वाटेनं. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. तांड्यात पिठाची चक्की नव्हती, म्हणून तिथल्या बाया ज्वारी दळायला गावात यायच्या. चक्की इंजिनवरची, तिची पुक-पुक अख्ख्या गावाला ऐकू यायची आणि पट्टा निसटला की सगळ्या बाया टोपली घेऊन ताटकळायच्या. तेवढ्या वेळात बाकीच्या बाया कोणाकोणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. गोमलीयाडी कमरेची पिशवी सोडून लाल कापडाचा तुकडा काढायची आणि त्यावर आरसे बसवायची. उंच, हाडापेरानं मोठी, दंडभर पांढऱ्या बांगड्या, आणि आवाज असा की चक्की चालू असतानाही तिला वेगळं ओरडावं लागत नसे. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तांड्यातली पोरं म्हणायची म्हणून मीही म्हणायची. आत्या कितीतरी दिवस लांबूनच तिचं काम न्याहाळत होती. शेवटी एकदा तिला राहवलं नाही.

"आरशाले भोक तं दिसत नाई. मंग तो पडत काहून नाई व?"

"बस अथी. दावतो तुले," गोमलीयाडी म्हणाली. आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल 'दावतो, जातो' असंच बोलतात.

आरशावर आडवे-उभे दोरे टाकून त्याला चौकटीत धरायचं आणि मग त्या दोऱ्यांनाच धरून गोल विणत जायचं. आत्याला ते ज्वारीच्या टोपल्याशी बसल्या बसल्या जमलं. मग तिनं आपला गोधडीचा धावदोरा दाखवला. तो इतका बारीक आणि सरळ की गोमलीयाडी खो-खो हसत म्हणाली, "मुंगीचं लुगडं शिवून राह्यली का व?" आत्या हसली. आत्याला हसताना बघून चक्कीवरच्या बायांनी माना वळवल्या, एवढी ती गोष्ट नवी होती.

त्या माघात कापूस निघाला, खोली मोकळी झाली, आणि गोमलीयाडी दळण चक्कीवर टाकून सरळ आमच्याकडे यायला लागली. दोघींनी मिळून एक गोधडी करायची ठरवली. कोणासाठी ते ठरलेलं नव्हतं, पण आत्याच्या मनात वंदीताई होती हे कोणीही सांगितलं असतं. दोन जुन्या सुती लुगड्यांचे पदर, मध्ये पिंजलेल्या कापसाचा अगदी पातळ थर, मधोमध गोमलीयाडीचा लाल चौकोन, आरसे आणि कवड्या लावलेला, आणि त्याच्याभोवती कडेपर्यंत आत्याचा धावदोरा. मध्यापर्यंत हात पोचेना, म्हणून त्यांनी एका जुन्या बाजेच्या दोऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या लाकडी चौकटीवर गोधडी ताणून बांधली. एकीनं वरून सुई खाली घालायची, दुसरीनं बाजेखाली बसून ती ओढायची आणि परत वर पाठवायची. थोड्या वेळानं जागा बदलायच्या. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि त्या खोलीत गारवा असायचा, म्हणून मी पुस्तकं घेऊन तिथंच पडलेली असायची. अभ्यास यथातथाच झाला. ऐकलं मात्र भरपूर. गोमलीयाडीची पोरगी मुकुटबनकडे दिलेली होती आणि तिच्या आठवणीनं हा एवढा मोठा आवाज एकदम बसायचा. आत्या फुलसावंगीबद्दल आमच्या घरात कधी चकार शब्द काढत नसे. त्या बाजेखाली बसून तिनं सगळं सांगितलं. समोर तोंड दिसत नव्हतं, फक्त सुई जात-येत होती, म्हणून तिला सांगता आलं असेल. गोमलीयाडी वरून तिच्या नवऱ्याला अशा काही शिव्या घालायची की मला कानांवर पुस्तक धरावं लागायचं.

मागच्या वर्षी मला एका कार्यक्रमाला बोलावलं होतं. भरतकामातून वेगवेगळ्या समाजांच्या, देशांच्या बाया कशा जोडल्या जातात, असा विषय होता. मागे भलामोठा फलक, त्यावर एक गोरा हात आणि एक बांगड्यांनी भरलेला हात, दोघांत एकच कापड. बंजारा काम केलेल्या पिशव्या टेबलावर मांडलेल्या, आणि शहरातल्या बाया त्या खांद्याला लावून एकमेकींचे फोटो काढत होत्या. संयोजक मुलगी गोड होती. मला म्हणाली, "मॅडम, सुईदोरा म्हणजे दोन संस्कृतींमधला पूल, असं काहीतरी छान बोला." मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, पूल बांधायला बायांना काही कष्ट पडत नाहीत, आमच्या कापसाच्या खोलीत तो महिन्याभरात बांधून झाला होता. त्याच्या तोंडाशी काठी घेऊन कोण उभं राहतं, त्यावर कधी कार्यक्रम ठेवाल? मुलीनं हसत हसत माईक माझ्या हातातून काढून घेतला आणि चहाची सूचना केली. चहा बरा होता.

तर वंदीताईचं लग्न ठरलं. पुसदकडचं स्थळ, मुलगा नोकरीला, देणंघेणं फारसं नाही. माय आनंदानं नुसती भिरभिरत होती. रुखवतात मुलीच्या हातची कलाकुसर मांडायची पद्धत, आणि वंदीताईला साधं बटण लावता येत नव्हतं. तिचं शाळेतलं शिवणकामसुद्धा आत्यानंच करून दिलेलं. त्या विवंचनेत माय एका दुपारी कापसाच्या खोलीत डोकावली. खिडकीतून ऊन नेमकं गोधडीवर पडलं होतं आणि सगळ्या भिंतींवर आरशांचे कवडसे हलत होते. "माय व! हे तं रुखवतात मधोमध मांडू," ती म्हणाली. आत्याचा चेहरा असा फुलला की मी पुस्तकातून डोकं वर काढलं. दुसऱ्या दिवशी माय परत आली, ती दार लोटून घेऊनच.

"नंदे, आता ह्याले तू हात नको लावू."

"काहून?"

"काहून म्हनजे? लग्नाचं काम हाय. पोरीचा संसार सुरू व्हाचा हाय. तुह्या मनात काई नाई, मले माहीत हाय. पन मानसाचं नशीब त्याच्या हाताले चिकटून असते. उद्या पोरीचं काई कमीजास्त झालं तं तुलेच वाईट वाटन."

आत्यानं सुई गोधडीत खोचून ठेवली. बोलली ती गोमलीयाडी. "मंग आता निम्मी गोधडी उसवतं का, वयनी? निम्मी तं तिच्याच हातची हाय."

"झालं ते झालं," माय म्हणाली. "कोनाले सांगाचं नाई म्हनजे झालं."

मी हे वाक्य कित्येकदा मनात घोळवलं आहे. हात अपशकुनी, पण त्या हातचं काम हवं. नशीब चिकटतं, पण कोणाला कळलं नाही तर चिकटत नाही. आणि गोमलीयाडी एकटी ती गोधडी पुरी करू शकत नव्हती, सुई खालून परत पाठवायला कोणीतरी लागणारच. मग मायनंच तोड काढली. आत्यानं वर यायचंच नाही, कायम बाजेखालीच बसायचं. बाजेच्या चारी बाजूंनी मायनं स्वतःच्या हातानं जुनी लुगडी लोंबती सोडली, म्हणजे आलागेला माणूस बघेल तर वर बसलेली गोमलीच दिसेल. माझी माय वाईट बाई होती असं मी म्हणत नाही. आत्या आजारी पडली की तीच तिचं डोकं चेपायची. पण त्या दिवशी ती लुगडी खोचताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही, हेही मी पाहिलेलं आहे.

गोमलीयाडी सुई घेऊन उभी राहिली. "एक आयक, वयनी. आमच्या तांड्यात जिनं कपडा केला तिनंच तो पोरीच्या खांद्यावर घालाचा असते. सगळ्याइच्या समोर. त्याबिगर पोरगी निघत नाई. पोरगी निघताना मी आन नंदी, दोघी मिळून हे तिले घालू. हो म्हन, नाईतं आताच दोरा तोडतो."

"हो व बाई, घालजा दोघी," माय म्हणाली. मी तिथंच होते.

बाजेखालून आत्याचा आवाज आला. "गोमली, सुई दे." त्या आवाजात आनंद होता. वंदीताईच्या खांद्यावर सगळ्यांसमोर आपल्या हातानं काही घालायचं, एवढ्यासाठी ती लुगड्यांच्या त्या पिंजऱ्यात बसायला तयार झाली. तिला दुसरं काहीच नको होतं.

चैत्राच्या उकाड्यात ती खोलीही तापायला लागली. आत्या सकाळची कामं आटपून आत शिरायची ती दुपार कलल्यावर बाहेर यायची, केस घामानं कपाळाला चिकटलेले, त्यांत कापसाचे तंतू. गोमलीयाडी घरून आणलेली ज्वारीची भाकर आणि तळलेली मिरची लुगड्याखालून आत सरकवायची. दोघी हळू आवाजात गाणी म्हणायच्या, एक ओळ वरून बंजारा बोलीत, एक ओळ खालून आमच्या जात्यावरच्या गाण्याची. चालींचा मेळ कसा बसायचा देव जाणे, पण बसायचा. लग्नघर म्हणून शेजारणी-पाजारणी काम बघायला यायच्या. "वा गोमले, काय काम करून राह्यली व!" म्हणायच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत सुई खाली जायची आणि आपली आपण वर यायची, आणि एकीलाही प्रश्न पडला नाही. पडला असेल तर तिनं तो तिथंच गिळला. वंदीताई एकदा आली. लुगडं बाजूला करून वाकली आणि म्हणाली, "आत्या, लय गरमी होत असन ना व?" आत्या म्हणाली, "नाई माय, थंडगार हाय अथी." वंदीताईनं लुगडं सोडलं आणि निघून गेली. तिला तेवढंच ऐकायचं होतं. ती आज पुसदला असते, चष्मा लावून सगळं वाचते. हेही वाचू दे.

लग्नाच्या दिवशी आमच्या दारात मोठा मांडव पडला. बँड होता, दिग्रसहून व्हिडिओवाला आला होता, त्याच्या दिव्याच्या झोतात माणसं डोळे मिचकावत होती. आचारी लावलेले होते, पण पुऱ्या नंदीच्याच हातच्या पाहिजेत असं बाबांनी ठरवलं, म्हणजे ती मागच्या दारी कढईशी गुंतून राहील. गोधडीला जो हात चालत नव्हता तो कढईला चालत होता. सगळं वऱ्हाड त्या हातच्या पुऱ्या खाणार होतं, नवरदेवासकट, आणि कोणाचं नशीब कोणाला चिकटणार नव्हतं. आत्यानं त्या धुरात आपलं एकुलतं एक ठेवणीतलं हिरवं काठाचं पातळ नेसलं होतं. मी म्हटलं, आत्या, तेल उडेल. ती म्हणाली, "मंग बदलाले वेळ नाई भेटनार. पोरगी निघाची वेळ झाली का मले हाक मार." तिनं पदर दोनदा खोचला होता आणि पुऱ्या लाटताना कडेकडेनं डाग पडला का ते बघत होती.

वऱ्हाडाची पंगत उठली आणि नवऱ्याकडच्या बाया रुखवत बघायला आल्या. मधोमध गोधडी पसरलेली, तिच्या उशाशी थर्माकोलच्या चमकीदार अक्षरांत वंदीताईचं नाव. विहीणबाई अंगानं मोठ्या, तोंडभर हसणाऱ्या. त्यांनी वाकून आरशांवरून बोटं फिरवली. "पोरी, तूनं केलं हे?" वंदीताईनं मायकडे बघितलं. "तिनंच केलं," माय म्हणाली. "दिवस-दिवस बसून राहे." गोमलीयाडी तांड्यातल्या बायांना घेऊन शेजारीच उभी होती. रीतसर आमंत्रण होतं तिला.

"वयनी, नंदी कुठी हाय?"

"कामात हाय. तुमी जेवून घ्या अगुदर."

"जेवाले नाई आलो. पोरगी निघाची वेळ झाली. बोलाव तिले."

मायनं तिचा दंड धरून बाजूला ओढायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. मग आपल्या त्या चक्कीवरच्या आवाजात विहीणबाईंना म्हणाली, "ईनबाई, हे आमी दोघींनं केलं. वरची सुई माही, खालची नंदीची. ह्या पोरीच्या आत्याची. तिले टाकली नवऱ्यानं, म्हनून तिले मांगं बसवलं."

विहीणबाईंनी एकदा गोधडीकडे बघितलं, एकदा मायकडे. "मंग बोलवा ना त्याइले," त्या म्हणाल्या. "असं काम करनाऱ्या बाईले पाहू तरी द्या."

तिथं सगळं मिटलं असतं. ज्या माणसांच्या धाकानं आत्याला बाजेखाली कोंडलं, त्या माणसांना त्याचं काहीही नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. तेवढ्यात बाबा पुढे आले, धोतराचा सोगा सावरत, आणि शांतपणे म्हणाले, "तिची तब्येत बरी नाई. आत पडून हाय." मी मागच्या दाराकडे धावले. आत्या झारा हातात घेऊन उभी होती. "आत्या, चाल, बोलावून राह्यले."

"वयनीनं बोलावलं?"

"विहीणबाईनं."

तिनं हात धुतले, पातळावरून फिरवले, डाग पडलेला नाही हे पाहून घेतलं आणि माझ्यामागून आली. ती मधल्या दाराशी पोचली तशी व्हिडिओवाल्यानं दिवा तिच्याकडे वळवला. तोंड आगीनं लाल, कुंकू घामानं ओघळलेलं. आजारी म्हणून सांगितलेली बाई सगळ्यांसमोर उभी. बाबा म्हणाले, "नंदे, आत जाय."

आत्यानं बाबांकडे पाहिलंच नाही. ती वंदीताईकडे बघत होती. शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा. एक शब्द पुरला असता. 'ये व आत्या' एवढंही नको, नुसती मान हलली असती तरी विहीणबाईंनीच पुढचं निभावून नेलं असतं. वंदीताईनं खाली मान घातली आणि हातावरची मेंदी बघत राहिली. जिनं तिला शेळीचं दूध पाजून जगवलं ती दारात उभी आणि ही मेंदी बघते आहे. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते आणि मला वाटलं, आपण ओरडावं. ओरडायच्या आधीच आत्या उंबरा ओलांडून मांडवात आली. समोरची माणसं बाजूला झाली. तिनं रुखवतातली गोधडी उचलली तशी थर्माकोलची अक्षरं खाली पडली. सगळ्यांना वाटलं, आता ती वंदीताईच्या खांद्यावर घालणार; वंदीताईनंही मान थोडी पुढे केली. आत्यानं गोधडीची नीट घडी केली आणि काखेत मारली.

"पोरगी आपली हाय समजून केलतं, गोमली," ती म्हणाली. "नाई हाय. चाल."

गोमलीयाडीनं ती घडी तिच्या काखेतून काढून घेतली, झटकून उघडली आणि आत्याच्याच खांद्यांवर घातली. मग तिच्या गळ्यात हात टाकून तिनं ढावलो धरला. तांड्यातली मुलगी सासरी निघते तेव्हा एकेका बाईच्या गळ्यात पडून जो रडत-गात निरोप घेते, तो. तांड्यातल्या बाकीच्या बायाही भोवती आल्या आणि त्यांचे सूर एकावर एक चढत गेले. बँडवाले वाजवायचे थांबले. कोणीतरी म्हणालं, अपशकुन करून राह्यल्या, हाकला त्याइले. पण जवळ जायची हिंमत कोणाची झाली नाही. त्या घोळक्यात माझी आत्या मांडवाच्या समोरच्या बाजूनं, केळीच्या खांबांमधून, रस्त्यावर गेली. दुपारच्या उन्हात पाठीवरचे आरसे नाल्यापर्यंत चमकताना दिसत होते.

ती परत आली नाही. बाबा दोन-तीनदा तांड्यावर जाऊन आले, पहिल्यांदा दरडावायला आणि मग समजवायला, कारण गावात लोक विचारायला लागले होते आणि पुढच्या वेचणीला घरात भाकरी बडवायला कोणी नव्हतं. आत्या बाहेर येऊन उभी राहायची, ऐकून घ्यायची आणि आत जायची. गोमलीयाडीच्या घराला लागून तिनं एक खोली बांधली. त्या खोलीत कापूस कधीच भरला गेला नाही. मी दर आठवड्याला जायची. मला तिथं कोणी अडवलं नाही. लग्नाची कॅसेट आली तेव्हा बाबांनी आधीच सांगून तो भाग कापून घेतला होता. पंगत दिसते आणि पुढच्या क्षणाला वंदीताई मोटारीत बसलेली दिसते. आता ती कॅसेट भाच्यानं मोबाईलवर घेतली आहे, घरचे सगळे बघतात आणि हसतात, बाबा किती तरुण होते वगैरे. आत्या त्यात कुठेच नाही. पुढे आत्या वारली तेव्हा ती गोधडी तिच्या अंगावर होती आणि गोमलीयाडीनं ती काढू दिली नाही.

पण त्या दुपारचं अजून थोडं सांगायचं राहिलं. त्या बाया नाल्यापलीकडे दिसेनाशा झाल्या आणि मांडवात सगळे एकदम बोलायला लागले. बाबा पाहुण्यांना म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला हाय तिच्या, आमी किती दिवस सांभाळलं. व्हिडिओवाल्यानं दिवा वळवला. बँड पुन्हा सुरू झाला. आणि माय माझ्यापाशी आली, डोळे लाल झालेले, पदरानं नाक पुसत, आणि मला म्हणाली, "गाववाल्याइची पंगत खोयंबली हाय. जाय, नंदीच्या जागी बस."

मी म्हटलं, "नाई बसत."

ती आधी समजली नाही. मग तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नाही म्हटलं, यावेळी एवढ्या मोठ्यानं की बाबा वळले. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. कान गरम झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण मी मांडवाच्या खांबाला धरून तिथंच उभी राहिले. त्यांनी परत हात उचलला तेव्हा विहीणबाई मध्ये आल्या. मागच्या दारी तेल तापून तापून काळं झालं. आमच्या गावात अजूनही वंदीताईच्या लग्नाचा विषय निघाला की लोक एकच गोष्ट सांगतात, शेवटच्या पंगतीला पुऱ्या मिळाल्या नव्हत्या.